साहेब शिकताहेत!

"साहेब आहेत का जागेवर?"

"आहेत. पण शिकताहेत."

ऐकलंत? शिकताहेत! सकाळचे साडेअकरा, कचेरी भरलेली, टेबलापुढे सात-आठ माणसं कागद धरून उभी, आणि साहेब शिकताहेत! आपण मागत काय होतो? एक सही. घरपट्टीच्या पावतीवर आडनावातली वेलांटी पहिलीऐवजी दुसरी पडली होती, तेवढी दुरुस्त करून हवी होती. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला जेवायला. तिसऱ्या खेपेला मात्र साक्षात समोर बसलेले. कानात पांढरी बोंडं, हातात मोबाइल, चेहऱ्यावर समाधी. मधूनच मान डोलवत होते, मधूनच खुदकन हसत होते. आता तुम्हीच सांगा, फायलींच्या निपटाऱ्याचा व्हिडिओ बघताना कुणी इतकं हसतं?

पण विचारायची सोय राहिली आहे का? पूर्वी कचेरीत मोबाइल बघणारा माणूस चोरासारखा बघायचा. ड्रॉवर अर्धा उघडा, त्यात फोन, फोनवर पत्ते, आणि साहेबांची चाहूल लागली की पोटानं ड्रॉवर बंद. काय ती चपळाई! त्यात कला होती, भीती होती, थोडी लाजही होती. आता फोन टेबलाच्या मधोमध, पाण्याच्या बाटलीला टेकवून, मखरात गणपती बसवावा तसा. हटकलंत तर उत्तर तयार: "लर्निंग चाललंय." संपलं! शिकणाऱ्याच्या आड कोण येणार? सरस्वतीचा कोप कोण ओढवून घेणार? कामचुकारपणाला इतकं भारी सोवळं आजवर कुणी नेसवलं नव्हतं.

या खुळाचं मूळ शोधायला जावं तर पहिलं बोट व्हॉट्सॲपकडे जातं. एके काळी तिथे मावशीच्या नातवाच्या बारशाचे फोटो यायचे आणि आपण 'गोड!' लिहून मोकळे व्हायचो. आज तिथे अख्खा महाराष्ट्र वर्गात बसलाय. तलाठ्यांचा ग्रुप, ग्रामसेवकांचा ग्रुप, नर्सबाईंचा ग्रुप, पतपेढीतल्या वसुलीवाल्यांचा ग्रुप, केक शिकणाऱ्या वहिनींचा ग्रुप. नावं तरी काय एकेक! ज्ञानगंगा, ज्ञानदीप, ज्ञानकुंभ, ज्ञानकट्टा (फक्त कामाचं). त्या कंसावरूनच ओळखावं की आत काय शिजतंय.

या ग्रुपांचं चरित्र सगळीकडे सारखंच. पहिल्या दिवशी ॲडमिन अकरा कलमी नियमावली टाकतो. सुप्रभात नको, राजकारण नको, देवाधर्माचं नको, रात्री दहानंतर काहीच नको. खाली जोडलेले दोन हात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला वाफाळता चहा आणि गुलाबाचं फूल येतं. पाठवणारा कोण? स्वतः ॲडमिन. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस आणि चौऱ्याऐंशी केक. चौथ्या दिवशी साहेब वैतागून कुलूप लावतात: यापुढे फक्त ॲडमिन लिहितील. आणि पाचव्या दिवशी, अहो इथेच तर खरी मेख आहे, दुसरा ग्रुप निघतो. साहेब नसलेला! शिक्षण सुरू होतं ते तिथे. 'तो नवा फॉर्म नेमका कुठे अपलोड करायचा रे?' 'पासवर्ड विसरलोय, कुणाला बोलू नका.' 'कालच्या ट्रेनिंगमध्ये मॅडम काय म्हणाल्या? माझा जरा डोळा लागला होता.' साहेबांच्या देखत हे विचारायची कुणाची छाती आहे?

आणि गर्दी तरी किती! २०१६ साली एका ग्रुपात २५६ माणसं मावायची. २०२२ मध्ये आधी ५१२ झाली आणि वर्ष सरायच्या आत १०२४. म्हणजे एक हजार चोवीस विद्यार्थी आणि फळा एकच! कुठल्या शाळेला असली तुकडी भरायची मान्यता मिळेल? टेलिग्रामवर तर एका ग्रुपात दोन लाख बसतात. आख्खा तालुका एकाच बाकावर! अफवांना आळा बसावा म्हणून २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं केलं. ज्ञानदानाला रेशनिंग? आपली माणसं हटतात होय! त्यांनी पाच-पाचच्या पंगती बसवल्या. पहिली उठली की दुसरी.

त्यात तो अंगठा. त्याच्यावर बोलायलाच हवं. आपल्या पणजोबांच्या पिढीला 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवलं. रात्रीचे वर्ग काढले, कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्या हातांत पाटी-पेन्सिल दिली. कशासाठी? तर अंगठा जाऊन सही यावी. आली बिचारी. आणि आज एम.ए., बी.एड., एम.बी.ए. झालेली माणसं दिवसभर काय करतात? अंगठा उठवतात! परिपत्रक आलं, अंगठा. प्रशिक्षणाचा व्हिडिओ आला, अंगठा. सदतीस पानांची मार्गदर्शिका आली, आठव्या सेकंदाला अंगठा. वाचली? छे! अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा थोडाच असतो? 'पोचलं, दिसलं, आता मला सोडा' असा असतो.

तुम्ही म्हणाल, ही नव्या पोरांची थेरं. मुळीच नाही! पोरं परवडली. उशिरा माळ घातलेला माणूस वारीत सगळ्यांच्या पुढे नाचतो, तसे आपले जुनेजाणते बघा. निवृत्तीला सात महिने उरलेले एक भाऊसाहेब आहेत. कचेरीत संगणक आला तेव्हा 'हे डबडं' म्हणून यांनी त्यावर टॉवेल वाळत घातला होता. नोकरीसाठी लागतं म्हणून एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आणलं, लॅमिनेट करून कपाटात ठेवलं आणि पुन्हा कार्बन पेपरकडे वळले. अशा माणसाच्या माथी एका दुपारी चारशे थकबाकीदारांना नोटिसा काढायचं काम आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दया आली. तिनं यूट्यूबवरचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ लावून दिला. मेल मर्ज! यादीतली नावं आपली आपण पत्रात जाऊन बसतात. भाऊसाहेबांनी तो तीनदा पाहिला, चौथ्यांदा माऊस हातात घेऊन पाहिला. पाचच्या ठोक्याला चारशे नोटिसा छापून तयार, आणि माणूस आपल्या हातचा गेला!

आता ते स्वतःच व्हॉइस नोट पाठवतात. सात मिनिटांची. सुरुवातीला 'नमस्कार मित्रांनो', मध्ये घरच्या कुकरच्या दोन शिट्ट्या, शेवटी 'शंका असल्यास कळविणे'. शंका कुणाला असणार? सगळे दुप्पट वेगानं ऐकतात आणि अंगठा देतात. (दुप्पट वेगानं भाऊसाहेब अगदी तरुण वाटतात, हे त्यांना कुणी सांगू नये.) त्यांनी चॅनेल काढलंय अशीही कुजबुज आहे. सबस्क्रायबर किती? बेचाळीस. त्यात घरचे किती ते विचारू नका. आपण? आपणही केलंय हो सबस्क्राइब. भिडेखातर. घंटासुद्धा दाबली.

तिकडे अमेरिकेत तर एक बाई 'मिस एक्सेल' नावानं एक्सेलची सूत्रं नाचून शिकवते. २०२०च्या टाळेबंदीत टिकटॉकवर सुरुवात केली आणि बघता बघता तिचा धंदा उभा राहिला. एक्सेल! नाचून! आपण टायपिंगच्या क्लासला गेलो तेव्हा काय होतं? पत्र्याची खोली, मशीनचा खडखडाट, मराठी तीस, इंग्रजी तीस, आणि बोट चुकलं की सरांची पट्टी. त्या सरांनी एक ठुमका मारला असता तर आपण आज चाळीसच्या स्पीडनं टाइप करत नसतो का? आपल्याकडे टिकटॉकनं २०१९ मध्ये 'एज्युटॉक' म्हणून शिकवणीचा रतीब घातला होता. २०२०च्या जूनअखेर टिकटॉकच बंद झालं. बरं झालं, म्हणून आपण हात झटकले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील आणली! आता अर्ध्या मिनिटात आयकर, अर्ध्या मिनिटात शेअर बाजार, अर्ध्या मिनिटात सातबारा कसा वाचावा. सातबारा समजून घेण्यात ज्यांच्या तीन पिढ्या कोर्टात गेल्या, त्यांनी हे बघून काय करायचं?

गुरुजींकडे वळू या? वळायलाच हवं, कारण या यात्रेचे मानकरी तेच. २०२०च्या मार्चमध्ये शाळांना कुलूप लागलं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून धाडायला सुरुवात केली. वरून केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुखांकडून गुरुजींकडे, गुरुजींकडून पालकांकडे. पालकांकडून पोरापर्यंत? तिथे घोडं अडायचं. घरात फोन एक, तोही बाबांचा. बाबा सकाळी गवंडीकामाला गेले की शाळाही त्यांच्या खिशात बसून गवंडीकामाला जायची. रात्री परत आली की तिला चार्जिंगला लावायचं, मग गृहपाठ. हसू नका, आपल्या घरातही तेव्हा चौथीतली पोर डायनिंग टेबलावर शाळेत आणि बाप बेडरूममध्ये कचेरीत होता, आणि दोघांनाही म्यूट काढायचं सुचत नव्हतं.

टाळेबंदी गेली, ग्रुप राहिले. आता गुरुजींना खडूपेक्षा फोन जास्त लागतो. 'माहिती आजच्या आज, तात्काळ, प्रथम प्राधान्याने.' वर्गात पाढे चाललेत, बेचा पाढा 'बे सक बारा'पर्यंत आला की टिंग! गुरुजी फोनकडे, पोरं एकमेकांकडे. वृक्षारोपण केलं? फोटो टाका. हात धुतले? फोटो टाका. वाचन केलं? वाचताना फोटो टाका. पुस्तक उलटं धरलंय का, कुणी बघत नाही.

आणि ऑनलाइन प्रशिक्षण! काय सांगावं त्या सोहळ्याचं! भाग एक ते अठरा, प्रत्येक भागाला प्रश्नमंजूषा, सत्तर टक्के गुण पडले की प्रमाणपत्र. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, म्हणून फोन माठाला टेकवून सुरू ठेवतात आणि स्वतः पोळ्यांना लागतात. तव्यावर शेवटची पोळी फुगते तेव्हा अध्यापनशास्त्र संपलेलं असतं. कित्येक घरांतली मांजरं आजमितीला प्रशिक्षित आहेत. आणि प्रश्नमंजूषेचं काय? इकडे या, कानात सांगतो. ग्रुपवर येतं: एक ब, दोन अ, तीन क. हेच गुरुजी, याच बाई मार्चमध्ये पोरांच्या बाह्या वर करून चिठ्ठ्या शोधणार बरं! भाग कुठला होता? मूल्यमापन. मग प्रमाणपत्र स्टेटसला, आणि त्याखाली दिवसभर 'मनःपूर्वक अभिनंदन'चा पाऊस. एकमेकांना उत्तरं पुरवणारे एकमेकांचं अभिनंदन करतात. काय हा जिव्हाळा!

एवढी खिल्ली उडवून झाल्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची आठवण मध्येच तोंडात खडा यावा तशी येते. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवत बसले. फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकली. आता यात चेष्टा कुठून काढायची? खमंग फोडणीत पाणी पडावं तसं झालं. जाऊ द्या, पुढे चला.

निदान विद्वानांनी तरी या प्रकाराचे कान उपटायचे! तर तेच टाळ घेऊन दिंडीत. ब्रिटनमधल्या जेन हार्ट बाई २००७ पासून दरवर्षी यादी काढतात: शिकायला लोक कोणकोणती साधनं वापरतात? जगभरच्या जाणकारांचा कौल घेतात. पहिला नंबर कुणाचा असावा? शब्दकोशाचा? विश्वकोशाचा? अहो, २००९ ते २०१५, सलग सात वर्षं, ट्विटरचा! जिथे माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, ती म्हणे पहिल्या क्रमांकाची शाळा. २०१६ मध्ये यूट्यूबनं तिला खाली ओढलं. म्हणजे ज्या दोन गोष्टींपायी आपल्या आईनं आपल्या पोरांना फटके दिले, त्या दोन्ही मेरिटमध्ये आल्या.

मानसशास्त्रज्ञ तर आधीच फितूर. स्टॅनफर्डच्या अल्बर्ट बांदुरांनी १९६१ मध्ये प्रयोग केला. मोठी माणसं एका फुगवलेल्या बाहुल्याला बडवताहेत हे लहान मुलांना दाखवलं. मग मुलांना त्या बाहुल्यापाशी सोडलं. मुलांनी काय करावं? धोपटलं! माणूस बघून शिकतो, हे सिद्ध झालं. त्यासाठी स्टॅनफर्डला जायला हवं होतं का? आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात दुपारी दोन ते चार बसले असते तर फुकटात कळलं असतं.

आणि त्या झेरॉक्स कंपनीचा किस्सा तर मिटक्या मारत ऐकण्यासारखा. ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ कंपनीच्या मशीनदुरुस्तीवाल्यांच्या मागे मागे हिंडला. कंपनीनं जाडजूड मॅन्युअलं दिली होती: हा दिवा लागला तर अमुक करा, तो लागला तर तमुक. ऑरला दिसलं काय? कारागीर नाश्त्याला एकत्र जमतात, आणि 'काल एक मशीन असं काही अडलं म्हणून सांगू!' अशा कहाण्या एकमेकांना ऐकवतात. मॅन्युअल जिथे हात टेकायचं तिथे कहाणी कामाला यायची. १९९६ मध्ये त्यानं यावर पुस्तक काढलं. कंपनीनंही शहाणपणा केला आणि कारागिरांच्या असल्या युक्त्या साठवणारी 'युरेका' नावाची संगणकी वही तयार केली. म्हणजे कचेरीखालच्या टपरीवर अर्धा कटिंग घेत आपण जे करतो, ज्यासाठी मेमो निघतात, ते सगळं शास्त्रशुद्ध होतं! मग तीस वर्षांत आपल्या हजेरीवर पडलेल्या लाल रेघांचं काय? त्या कुणी पुसायच्या?

टपरीचा हा कारभार फोनवर बघायचा असेल तर द्राक्षवाल्यांच्या ग्रुपात शिरा. निफाड, दिंडोरी, तासगाव, कुठलाही चालेल. ऑक्टोबरची छाटणी उरकलीय, कोवळी फूट निघालीय, रात्री अवकाळी पावसाची सर येऊन गेलीय, सकाळी दव. अजून तांबडं फुटायचंय आणि ग्रुपवर पहिला फोटो पडतो. एक पान. त्यावर तेलकट डाग. खाली एकच शब्द: 'काय?'

बस! पुढचे दोन तास वर्गात टाचणी पडायला जागा नाही. 'डाऊनी आहे भाऊ.' 'डाऊनी नाही, भुरी.' 'भुरी अशी दिसती का? डोळे तपासा.' 'दादा, पानाची खालची बाजू टाका.' खालची बाजू येते. पांढरी बुरशी दिसते. डाऊनीवाले जिंकतात, भुरीवाले गुपचूप मेसेज डिलीट करतात. मग औषधांची बोली लागते. एक जण दोन ग्रॅम सांगतो, दुसरा अडीच, तिसरा म्हणतो 'आमच्याकडे हे दोन्ही मिसळून मारलं, रिझल्ट एक नंबर'. त्याचं पान मागच्या आठवड्यात जळालं होतं, हे चौथा आठवण करून देतो. मध्येच एका औषध कंपनीचा माणूस शेतकऱ्याचा वेश घेऊन आत घुसलेला असतो; तो नेमकं एकाच डब्याचं नाव घेतो आणि ओळखू येतो. कुणीतरी शहाणा पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला टाकतो. क्षणभर शांतता. मग प्रश्न येतो: 'ते खरंय, पण तुम्ही काय मारलं?'

या एका प्रश्नावर अवघं शिक्षणशास्त्र ओवाळून टाकावं! पुस्तक काय म्हणतं ते राहू द्या, तुम्ही काय मारलं? नऊ वाजेपर्यंत अर्ध्या शिवारात पंप सुरू झालेले असतात. आणि ज्यानं 'काय?' विचारलं, तो दुपारी परत येतो. आभार मानायला? छे. बागेत पाठमोरा उभा राहून काढलेला सेल्फी टाकायला.

पांढरपेशांचा वर्ग मात्र लिंक्डइनवर भरतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हे दुकान २६२० कोटी डॉलरना घेतलं, आणि भारतात तिथे दहा कोटींहून जास्त लोक नांदतात. दहा कोटी सज्जन! तिथे कुणी भांडत नाही, कुणी नापास होत नाही, आणि कुणालाही कसलाही साधा अनुभव येत नाही. रिक्षा मिळाली नाही? त्यातून नेतृत्व शिकलो. पोहे करपले? त्यातून टीमवर्क शिकलो. बायको माहेरी गेली? स्टेकहोल्डर मॅनेजमेंट! एकेका वाक्याचा एकेक परिच्छेद, मधे दोन-दोन ओळींची रिकामी जागा, म्हणजे वाचणाऱ्याला उसासा टाकायला सवड. दोन तासांच्या कोर्सचं प्रमाणपत्र मिळालं की 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो'. नोकरी गेली तरी 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो'. आपल्या शेजारचा जो मुलगा जिन्यात भेटला तर मान वर करून बघत नाही, तो तिथे रोज सकाळी जगाला 'मित्रांनो, ऐकून घेण्याची कला' शिकवतो.

बड्या कंपन्यांनी यावर तोड काढायला पाहिली. फेसबुकनं २०१६ मध्ये खास कचेऱ्यांसाठी सोवळं फेसबुक आणलं, 'वर्कप्लेस' नावाचं. २०२४ मध्ये ते बंद करणार असल्याचं जाहीरही करून टाकलं. होणार काय दुसरं? ज्या कट्ट्यावर एचआर बसलाय, तिथे गप्पा रंगतात कधी? सरकारही जागं झालं. २०२५च्या जुलैत राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या: सरकारी खातं वेगळं, खासगी खातं वेगळं, रीलमध्ये सरकारी गाडी, गणवेश, इमारत दाखवू नका. ही सूचना सगळ्यांत आधी कुठे पसरली असेल, सांगा बघू? आणि तिला किती अंगठे पडले असतील?

पुण्यात सदाशिव पेठेत चक्कर मारलीत तर आणखी एक जमात भेटेल. स्पर्धा परीक्षावाले. अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं, मेसचा डबा, आणि टेलिग्रामवर छप्पन्न चॅनेलं. रोज चालू घडामोडींची पीडीएफ, टॉपरच्या नोट्सची पीडीएफ, नोट्स कशा काढाव्यात याची पीडीएफ. आजी उन्हाळ्यात कुरडया-पापड करून डबे भरायची, तशी ही पोरं पीडीएफ भरून ठेवतात. फरक इतकाच की पापड निदान पुढच्या श्रावणात तळले जायचे. फोन भरला म्हणून आईचे व्हिडिओ उडवतात, पण २०१७च्या जुन्या योजनांची पीडीएफ उडवायला जीव होत नाही. न जाणो, विचारलं तर?

आणि आपण? आपण म्हणजे अगदी धुतल्या तांदळाचे, नाही का? रात्री साडेअकराला पांघरुणात उजेड कसला होता मग? 'गळका नळ पाच मिनिटांत दुरुस्त करा.' त्यातून शिकून आपण नळ उघडला, आणि पाणी बंद करायला मेन कॉक असतो हे पुढच्या व्हिडिओत होतं. उकडीच्या मोदकांना कळ्या पाडायला आईनं दहा वर्षं शिकवलं, जमलं नाही; यूट्यूबवरच्या काकूंनी सहा मिनिटांत जमवून आणलं, आणि आईला आपण सांगितलं काय? 'तुझंच बघून शिकलो!' वरच्या सगळ्या टवाळीतली निम्मी माहिती आपल्याला कुठून मिळाली? ग्रुपवरूनच. साहेब नसलेल्या.

तर ती वेलांटी.

आपण अर्धा तास उभे होतो. शेवटी धीर करून खाकरलो. साहेबांनी एका कानातलं बोंड काढलं. आपण पावती पुढे केली. त्यांनी पाहिली, भाऊसाहेबांकडे सरकवली. भाऊसाहेब, तेच, मेल मर्जवाले, आनंदानं उभे राहिले. म्हणाले, "आता सहीची गरजच नाही! दुरुस्ती ऑनलाइन करायची. अगदी सोपंय, मी व्हिडिओ बनवलाय."

"अहो, पण साहेब समोरच आहेत, एक सही..."

"नंबर सांगा तुमचा."

सांगितला. खिशात टिंग वाजलं. 'नागरिक ज्ञानसेतू (फक्त कामाचं)' या ग्रुपात आपली स्थापना झाली होती. लगोलग सात मिनिटांचा व्हिडिओ येऊन पडला. साहेबांनी बोंड पुन्हा कानात घातलं. मागच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "झालं का हो तुमचं?" आपण काही बोललो नाही. भाऊसाहेब चष्म्यावरून एकटक स्वतःच्या फोनकडे बघत होते. दोन टिकल्या निळ्या झाल्या की नाही, ते त्यांना तिकडे दिसत असणारच.

गेलो होतो सही आणायला. मुकाट्यानं अंगठा उठवला आणि बाहेर पडलो.